संकेतस्थळांची सुगमता व तिची पारख

शाळेच्या व्हरांड्यातील सूचनाफलक फार उंचावर टांगला, तर पहिलीच्या मुलाला तो वाचता येत नाही, हे येणाऱ्याजाणाऱ्याच्या सहज ध्यानात येते आणि कोणीतरी खिळा खाली ठोकून देतो. संकेतस्थळाच्या बाबतीत असे घडत नाही. ज्याला ते वापरता येत नाही तो आपल्या घरी, आपल्या मोबाईलपाशी एकटाच अडतो. त्याची अडचण पान तयार करणाऱ्याला दिसत नाही आणि बहुधा त्याच्यापर्यंत पोचतही नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत, बालभारतीच्या पुस्तकांच्या ई-प्रती, दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी करावयाचा अर्ज, शिक्षकांच्या प्रशिक्षणाची नोंदणी, ही कामे आता पडद्यावर होतात. तेव्हा पडद्यावरील पान कोणाला वापरता येते व कोणाला येत नाही, हा प्रश्न प्राथमिक शिक्षकाच्या नित्याच्या कामात येऊन बसला आहे.

सन २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी २९ लाखांहून अधिक महाराष्ट्रातील होत्या. यांत केवळ विद्यार्थीच नाहीत. वर्गातील धडधाकट मुलाची आई अंध असू शकते, वडिलांचा हात यंत्रात गेलेला असू शकतो, आणि शेजारच्या केंद्रातील सहशिक्षक अल्पदृष्टी असू शकतो. शाळेने पाठविलेली सूचना या सर्वांपर्यंत पोचावी अशी अपेक्षा असते.

अंध व्यक्ती संकेतस्थळ कसे वाचते, हे प्रथम समजून घेणे अवश्य आहे. तिच्या संगणकावर अथवा मोबाईलवर ‘स्क्रीन रीडर’ नावाची आज्ञावली असते. ती पडद्यावरील मजकूर आवाजात वाचून दाखविते, किंवा संगणकाला जोडलेल्या ब्रेल पट्टीवर उमटविते. अँड्रॉइड मोबाईलमध्ये ‘टॉकबॅक’ ही आज्ञावली बहुधा आधीच बसविलेली असते. संगणकासाठी ‘एनव्हीडीए’ ही आज्ञावली विनामूल्य मिळते. तिचे काम २००६ साली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने सुरू केले.

डोळस वाचक पानावर एकदम नजर फिरवितो. मोठे अक्षर, चित्र, चौकट, लाल रेघ या खुणांवरून हवी ती जागा त्याला क्षणात सापडते. ऐकणाऱ्याला ही सोय नाही. त्याच्यापुढे पान म्हणजे एकामागून एक येणाऱ्या शब्दांची लांबच लांब माळ असते. ग्रामसभेच्या इतिवृत्तातील एकच ठराव हवा असताना सगळे इतिवृत्त पहिल्या ओळीपासून ऐकावे लागावे, तसाच हा प्रकार होय. म्हणून सरावलेला वापरकर्ता एका शीर्षकावरून दुसऱ्या शीर्षकावर उड्या घेत जातो, किंवा पानावरील सर्व दुव्यांची यादी मागवून तीतून निवड करतो. येथेच बहुतेक पाने त्याला दगा देतात. शीर्षक म्हणून केवळ ठळक व मोठी अक्षरे घातलेली असतात. डोळ्यांना ते शीर्षक दिसते, परंतु पानाच्या अंतर्गत रचनेत त्याची शीर्षक म्हणून नोंद नसते, त्यामुळे यंत्राच्या लेखी तो साधा परिच्छेदच राहतो. दुव्यांची यादी मागवावी, तर ‘येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, अधिक वाचा, येथे क्लिक करा’ असे दहा वेळा ऐकू येते. कोणता दुवा अर्जाचा व कोणता निकालाचा, हे कळण्यास मार्ग नाही. ‘शिष्यवृत्ती अर्जाचा नमुना उतरवून घ्या’ असे पाच शब्द दुव्यात लिहिण्यास काही खर्च येत नाही.

मराठी पानांचे काही दोष खास मराठीचे आहेत, आणि ते परदेशी पुस्तकांत सापडावयाचे नाहीत. त्यांतला सर्वांत मोठा दोष जुन्या टंकांचा, म्हणजे फाँटचा. देवनागरी लिपीला युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून स्थान आहे. तथापि कृतिदेव, शिवाजी यांसारख्या टंकांत टंकलेखन करण्याची सवय कार्यालयांतून दीर्घकाळ टिकली व अनेक ठिकाणी अद्यापि टिकून आहे. या टंकांत अक्षराचे रूप देवनागरीचे असते, पण आत साठविलेले अक्षर रोमन असते. कृतिदेवमध्ये ‘काका’ हा शब्द लिहिला, तर संगणकाच्या दृष्टीने तो ‘डी, के, डी, के’ असा असतो. डोळस वाचकाला कागदावर ‘काका’ दिसतो. अंध वाचकाला मात्र इंग्रजी अक्षरांचा निरर्थक गलबला ऐकू येतो. एखादे चार पानी परिपत्रक असे ऐकावयाची वेळ आली, तर ऐकणाऱ्याची काय अवस्था होत असेल याची कल्पना करावी. असा मजकूर शोधयंत्रालाही सापडत नाही, त्यामुळे हा दोष सर्वांनाच बाधतो. तरीही तो इतकी वर्षे कोणाला बोचला नाही, याचे कारण छापील प्रत नेहमी स्वच्छ निघते.

दुसरा दोष छायाचित्राचा. परिपत्रक कागदावर काढून त्यावर सही-शिक्का घ्यावयाचा, मग त्याचा मोबाईलने फोटो काढून व्हॉट्सॲपच्या गटावर टाकावयाचा, ही रीत सार्वत्रिक झाली आहे. फोटोतील अक्षरे म्हणजे यंत्राच्या दृष्टीने चित्रच. स्कॅन करून केलेली पीडीएफ धारिकाही तशीच असते. काही नव्या आज्ञावली चित्रातील अक्षरे ओळखून वाचण्याचा प्रयत्न करतात. पण कागद वाकडा असला, मजकुरावर शिक्का पडला असला किंवा आत तक्ता असला, की त्यांची गडबड उडते, आणि नेमकी तारीखच चुकीची वाचली गेली तर तिचा उपयोग काय? फोटोबरोबर त्यातील मुख्य मजकूर टंकून पाठविणे हा यावर साधा उपाय आहे. संकेतस्थळावरील चित्रांसाठी ‘पर्यायी मजकूर’ लिहिण्याची सोय असते. तेथे चित्रात काय आहे हे एका वाक्यात लिहावे. ‘वृक्षारोपण करताना चौथीचे विद्यार्थी’ असे लिहिले तर ऐकणाऱ्याला चित्र कळते. तेथे काहीच लिहिले नाही, तर काही वेळा यंत्र त्या धारिकेचे नाव, म्हणजे लांबलचक आकडे, वाचत बसते.

तिसरी गोष्ट लहान, पण महत्त्वाची. पानाची भाषा मराठी आहे, हे पानाच्या आतील संकेतात नोंदवावे लागते. ती नोंद नसली किंवा हिंदीची असली, तर यंत्र भलताच आवाज निवडते आणि मराठीचे उच्चार बिघडतात.

दिव्यांगत्व म्हणजे केवळ अंधत्व नव्हे, हे शिक्षकांना सांगावयास नको. अल्पदृष्टी व्यक्ती पान मोठे करून पाहते. दुप्पट मोठे केल्यावर मजकूर कापला जाऊ नये, असा संकेत आहे. अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील प्रमाण साध्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ असावे, असे ठरले आहे. पांढऱ्यावर काळ्या अक्षरांचे प्रमाण २१ : १ येते. शाळांच्या फलकांवर आवडीने वापरली जाणारी भडक लाल अक्षरे पांढऱ्यावर सुमारे ४ : १ आणि पिवळ्यावर सुमारे ३.७ : १ एवढीच उठतात, म्हणजे उत्साहाच्या मानाने ती फिकीच पडतात. ‘लाल रंगातील रकाने भरणे आवश्यक आहे’ ही सूचना ज्याला लाल व हिरवा यांतील भेद कळत नाही त्याच्यासाठी निरुपयोगी आहे; रंगाबरोबर ‘आवश्यक’ हा शब्दही लिहावा. ज्याचे हात थरथरतात त्याला जवळजवळ चिकटलेली इवली बटणे दाबता येत नाहीत, आणि अर्ज भरण्यास मोजकीच मिनिटे दिली असतील तर त्याचा अर्ज अर्ध्यावरच पुसला जातो. चित्रफितीला तळाशी अक्षरे नसली, तर कर्णबधिर मूल धड्यास मुकते. त्यातच जन्मतः कर्णबधिर असलेल्या पुष्कळ व्यक्तींची पहिली भाषा खुणांची असून लिखित मराठी ही त्यांना नंतर शिकावी लागलेली भाषा असते. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ या थाटाची वाक्ये त्यांना जड जातात. ती इतरांनाही जड जातात, पण ते तसे बोलून दाखवीत नाहीत एवढेच.

या सर्व गोष्टींचे नियम ठरलेले आहेत. जालाचे मानदंड ठरविणाऱ्या ‘डब्ल्यूथ्रीसी’ या संस्थेने १९९७ साली सुगमतेसाठी स्वतंत्र उपक्रम सुरू केला आणि १९९९ साली पहिली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. २००८, २०१८ व २०२३ या साली त्यांच्या पुढील आवृत्त्या आल्या. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीही २००९ पासून अशी तत्त्वे आहेत. मग नियमांची यादी घेऊन पान तपासले, सर्व रकान्यांत बरोबरच्या खुणा केल्या, म्हणजे काम झाले काय? या प्रश्नाचे उत्तर ब्रिटनमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चौकशीतून मिळते, आणि ती चौकशी येथे थोडी विस्ताराने पाहण्याजोगी आहे.

तेथील दिव्यांग हक्क आयोगाने लंडनच्या सिटी विद्यापीठातील संशोधकांकडून १,००० संकेतस्थळांची मुखपृष्ठे यंत्राच्या साहाय्याने तपासून घेतली. ८१ टक्के मुखपृष्ठे अगदी प्राथमिक कसोटीसही उतरली नाहीत. येथवर नवल नाही. परंतु आयोग एवढ्यावर थांबला नाही. त्यांतील १०० संकेतस्थळे ५० दिव्यांग व्यक्तींच्या हाती देण्यात आली. त्यांत अंध होते, अल्पदृष्टी होते, कर्णबधिर होते, वाचनअक्षमता असलेले होते, हातांच्या हालचालींवर मर्यादा असलेले होते. प्रत्येकाला ठरावीक कामे दिली. एकूण ९१३ कामांचा प्रयत्न झाला. त्यांतील ७६ टक्के कामे पार पडली, मात्र अंध व्यक्तींच्या बाबतीत हे प्रमाण ५३ टक्के एवढेच राहिले. म्हणजे अंध माणसाने हाती घेतलेले जवळजवळ प्रत्येक दुसरे काम अर्धवट सुटले. या प्रयत्नांत ५८५ अडचणी नोंदविल्या गेल्या, आणि त्या नियमांच्या यादीशी ताडून पाहिल्या असता ४५ टक्के अडचणी कोणत्याही नियमाचा भंग करीत नव्हत्या, असे आढळले. नियम सगळे पाळलेल्या पानावरही त्या राहिल्या असत्या.

असे का व्हावे? नियम पानाचा एकेक भाग पाहतो, आणि माणूस पानातून वाट काढीत असतो. पर्यायी मजकूर लिहिला आहे, हे यंत्र सांगू शकते. तो मजकूर अडाणीपणे लिहिला आहे, हे सांगण्यास माणूस लागतो. अर्जात एक रकाना चुकला असता पानाच्या वरच्या टोकाला सूचना उमटते. तळाशी असलेल्या अंध व्यक्तीला ती ऐकूच येत नाही, आणि आपला अर्ज गेला असे समजून ती निश्चिंत राहते. अशा गोष्टी यादी हाती धरून बसलेल्या तपासनिसाला सुचत नाहीत. त्याचा अर्थ नियम व्यर्थ आहेत असा मात्र कोणी करू नये. राहिलेल्या ५५ टक्के अडचणी नियम पाळल्याने टळल्या असत्या, आणि ज्या पानावर साधे नियमही पाळलेले नाहीत ते पान एखाद्या अंध गृहस्थापुढे ठेवून त्याचा वेळ घेणे योग्य नव्हे. आधी नियम, मग माणूस, हा क्रम ठेवावा.

खर्चाचा आक्षेप हमखास घेतला जातो, म्हणून त्याचाही विचार केला पाहिजे. सिडनी येथे २००० साली भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांच्या संकेतस्थळाविरुद्ध ब्रूस मॅग्वायर या जन्मांध गृहस्थांनी १९९९ साली ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. चित्रांना व दुव्यांना पर्यायी मजकूर नाही, वेळापत्रकाच्या पानावरून क्रीडाप्रकारांच्या सूचीकडे जाता येत नाही, निकालांचे तक्ते ब्रेल पट्टीवर वाचता येत नाहीत, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. दुरुस्तीस एका माणसाला रोज आठ तास याप्रमाणे ३६८ दिवस लागतील, असे संयोजकांचे म्हणणे पडले. तज्ज्ञांनी साक्षीत सांगितले की, एका अनुभवी माणसाच्या हाताखालच्या छोट्या चमूला हे काम चार आठवड्यांचे आहे. २४ ऑगस्ट २००० रोजी निकाल मॅग्वायर यांच्या बाजूने लागला, आणि सांगितलेली दुरुस्ती पुरती न झाल्यामुळे पुढे संयोजकांना २० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यावी लागली. घर बांधून झाल्यावर दार रुंद करावयाचे म्हटले की भिंत फोडावी लागते. नकाशातच दार रुंद दाखविले तर वीटही अधिक लागत नाही.

भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ अन्वये माहिती व संपर्काची साधने दिव्यांगांना सुगम असावीत याची जबाबदारी शासनावर टाकण्यात आली आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याहून पुढचे पाऊल टाकले. बँकेचे खाते उघडताना आपण जिवंत असल्याचे दाखविण्यासाठी कॅमेऱ्यापुढे डोळ्यांची उघडझाप करण्यास सांगितले जाते. ॲसिड हल्ल्यात ज्यांचे डोळे व पापण्या नष्ट झाल्या त्यांनी ते कसे करावे, हा प्रश्न न्यायालयापुढे होता. अंकीय सेवांचा लाभ घेता येणे हे संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग होय, असे न्यायालयाने म्हटले. डोळे मिचकावण्याची अट घालणाऱ्यांपैकी कोणीही दुष्ट नसावा. पापणी नसलेला माणूस त्यांनी पारखीला कधी बसविला नव्हता, इतकेच.

शाळेच्या पातळीवर अशी पारख करणे अवघड नाही. शाळेचे स्वतःचे पान असेल तर ते घ्यावे. नसेल तर पालकांना पाठविण्याची सूचना अथवा अर्जाचा नमुना घ्यावा. पूर्वतयारी म्हणून शिक्षकाने आपल्या मोबाईलच्या सेटिंगमधील ‘ॲक्सेसिबिलिटी’ या विभागातून टॉकबॅक सुरू करावा. एक बोट उजवीकडे सरकविले की पुढची गोष्ट वाचली जाते, आणि दोनदा टिचकी मारली की ती उघडते. डोळे मिटून पाच मिनिटे आपलीच सूचना ऐकली, तर ढोबळ दोष तेथेच उघडे पडतात. संगणक असल्यास माऊस बाजूला ठेवून केवळ कळफलकावरील टॅब व एंटर या कळांनी अर्ज भरून पाहावा. अर्थात् ही केवळ पूर्वतयारी होय. डोळे मिटलेला शिक्षक हा अंध वापरकर्ता नव्हे. तो नवशिका असल्यामुळे जेथे अडतो तेथे अंध माणूस अडेलच असे नाही, आणि अंध माणूस जेथे अडतो ती जागा त्याने पान आधीच पाहिलेले असल्यामुळे त्याला जाणवत नाही.

त्यानंतर खऱ्या वापरकर्त्यास बोलवावे. गावातील अथवा केंद्रातील एखादा अंध किंवा अल्पदृष्टी पालक, दिव्यांग सहशिक्षक, माजी विद्यार्थी चालेल. विद्यार्थ्याला बसवावयाचे असल्यास पालकांची संमती घ्यावी. येण्याजाण्याचा खर्च व वेळेचा मोबदला द्यावा. दिव्यांग व्यक्तीने फुकट यावे, असे गृहीत धरणे बरे नव्हे. तिने आपला नेहमीचाच मोबाईल वापरावा, कारण त्यातील आवाजाचा वेग व मांडणी तिच्या सवयीची असते. सरावलेल्या अंध व्यक्तीचा आवाज इतका वेगवान असतो की शेजारच्यास एक शब्द कळत नाही. म्हणून तो सावकाश करावयास सांगू नये, कामाची रीतच त्याने बदलते.

प्रारंभीच स्पष्ट सांगावे की, परीक्षा पानाची आहे, बसणाऱ्याची नाही. मग एक काम द्यावे, आणि ते पानावरील शब्द न वापरता द्यावे. ‘शिष्यवृत्ती या शीर्षकाखालील मुदत पाहा’ असे म्हटले की उत्तरच सांगितल्यासारखे होते. ‘मुलीला परीक्षेला बसवावयाचे आहे, कोणत्या दिवसापर्यंत अर्ज चालेल?’ असे विचारावे. यापुढे शिक्षकाने गप्प बसावे. सर्व सूचनांत हीच पाळण्यास सर्वांत कठीण. अडलेल्यास शब्द सुचविणे हा शिक्षकाचा जन्माचा स्वभाव. समोरचा माणूस तीन मिनिटे चुकीच्या जागी घुटमळत असता ‘जरा वर जा’ हे शब्द ओठांवर येतात. पण ते उच्चारले की ती जागा नोंदवहीतून निसटली. माणूस स्वतः थांबू म्हणेल तेव्हाच थांबावे. डोळस वापरकर्त्यास काम करता करता मनातले विचार मोठ्याने बोलावयास सांगण्याची पद्धत आहे. स्क्रीन रीडर ऐकणाऱ्यास मात्र ते सांगू नये, कारण यंत्राचा आवाज आणि स्वतःचा आवाज एकाच वेळी चालविणे त्यास जमत नाही. काम संपल्यावर विचारावे.

नोंद अभिप्रायांची नको, घडलेल्या गोष्टींची हवी. ‘पान चांगले आहे’ असे बसणारा पुष्कळदा संकोचाने म्हणतो. तारीख सापडली की नाही, किती वेळ लागला, कोठे मागे फिरावे लागले, कोणता शब्द ऐकून चुकीची वाट धरली, हे लिहावे. जेकब नील्सन या अभ्यासकाने पाच वापरकर्त्यांत बहुतेक मोठे दोष सापडतात असे दाखविले आहे, परंतु ते पाच एकाच प्रकारचे वापरकर्ते असावेत हे त्यात गृहीत आहे. पाच अंध व्यक्तींकडून कर्णबधिराची अडचण कळणार नाही. गावात पाच जण मिळाले नाहीत तर एकालाच बसवावे. त्याला सापडलेला पहिला दोष दुरुस्त करण्यास इतरांची वाट पाहण्याचे कारण नाही.

दोष शाळेच्या हातचा असेल तर त्याच आठवड्यात काढावा: जुना टंक बदलून युनिकोडमध्ये लिहिणे, दुव्याला नाव देणे, फोटोखाली मजकूर टंकणे. दोष वरिष्ठ कार्यालयाच्या पानावर असेल, तर पानाचे नाव, तारीख, दिलेले काम आणि माणूस नेमका कोठे अडला ते दोन ओळींत लिहून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावे. ‘संकेतस्थळ दिव्यांगांस सोयीचे नाही’ एवढ्याच मोघम पत्राने कोणास काही करता येत नाही. दुरुस्तीनंतर तेच काम दुसऱ्या व्यक्तीस द्यावे, कारण पहिलीस वाट आता पाठ झालेली असते. पहिल्या व्यक्तीस मात्र काय बदलले ते कळवावे.